शेअरहोल्डर ई-व्होटिंग: पोर्टलला दोन स्टार, सोयीला चार

चारेक वर्षं वापरतोय म्हणून लिहितो. ट्रेडिंग ॲपचे रिव्ह्यू ढीगभर मिळतील, पण ई-व्होटिंगबद्दल, म्हणजे आपले शेअर असलेल्या कंपनीच्या ठरावांवर ऑनलाइन मत देण्याबद्दल, कोणी बोलतच नाही, कारण त्याची नोटीस मेलमध्ये लोन आणि सेलच्या जाहिरातींखाली गाडली जाते. माझीही तशीच जायची.

बाबांचं बरं होतं. ते बिर्ला मातोश्री सभागारात एजीएमला (कंपनीच्या वार्षिक सभेला) जायचे, ठराव आला की सगळ्यांबरोबर हात वर करायचे आणि खाऊचा बॉक्स घेऊन घरी यायचे. पोस्टल बॅलटचे, म्हणजे टपालाने मत द्यायचे, जे फॉर्म घरी यायचे, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला आई वाण्याची यादी करायची. आता तेच मत मोबाईलवर देता येतं, डीमॅटच्या (शेअर ठेवायच्या खात्याच्या) लॉगिनमधून, म्हणजे दर कंपनीला वेगळा पासवर्ड नको.

निदान कागदावर तरी असं आहे. एजीएमसाठी व्होटिंग किमान तीन दिवस सुरू असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद होतं. मी अर्थातच शेवटच्या दिवशी 4:35 ला बसलो. ओटीपी आला 4:44 ला, टाकला तर म्हणे सेशन संपलं, परत कॅप्चा, त्यातला तो शून्य आहे की ओ हे देवालाच माहीत, शेवटी 4:53 ला एकदाचा आत. पोर्टलचं नाव घेत नाही, पण डिझाईन बघून पंधरा वर्षांपूर्वीच्या सरकारी साईटची आठवण येते. आणि एकदा कन्फर्म दाबलं की मत बदलता येत नाही, त्यामुळे घाईत बोट चुकलं तर गेलं. मराठी तर विसराच, नोटीस पण इंग्रजीत, तीही वकिली.

मग एवढा त्रास कशाला, प्रमोटरकडे, म्हणजे कंपनी हातात असलेल्या कुटुंबाकडे, 60 टक्के शेअर असताना आपल्या चाळीस शेअरनी काय होणार? मलाही हेच वाटायचं. साध्या ठरावांवर खरंच काही होत नाही. पण आपल्याकडे ग्रुप म्हणजे काय, तर एक लिस्टेड कंपनी आणि तिच्याभोवती घरच्यांच्या दहा-पंधरा प्रायव्हेट कंपन्या. पैसा इकडून तिकडे जायचा रस्ता तिथूनच, कधी भाडं, कधी ब्रँडची रॉयल्टी, कधी लोन. आता असा व्यवहार ठराविक मर्यादेपेक्षा मोठा असला की शेअरहोल्डरची मंजुरी लागते आणि सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियंत्रकाच्या) नियमाप्रमाणे रिलेटेड पार्टीला, म्हणजे प्रमोटर आणि त्यांच्या घरच्या कंपन्यांना, बाजूने मत देता येत नाही. म्हणजे त्या एका ठरावापुरते ते 60 टक्के बाजूला आणि आपले चाळीस शेअर अचानक वजनदार (म्हणजे, त्यातल्या त्यात).

रेमंडचं आठवत असेल. मुंबईतल्या ब्रीच कँडीच्या जेके हाऊसमधले फ्लॅट प्रमोटर कुटुंबाला बाजारभावाच्या कितीतरी खाली विकायचा ठराव 2017 च्या जूनमध्ये आला, जुना करार आहे म्हणून. प्रमोटर मतदानाबाहेर राहिले आणि बाकीच्यांची 97 टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली. स्पेशल ठराव असेल तर 75 टक्के मतं बाजूने लागतात, तिथे तर अजून मजा. आयशर मोटर्समध्ये 2021 ला एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा ठराव पगाराच्या मुद्द्यावरून पडला, साधारण 27 टक्के विरोधात होते तेवढं पुरलं. मग पगाराची मर्यादा खाली आणून ठराव परत मांडावा लागला. हे सगळं म्युच्युअल फंड आणि परदेशी फंडांच्या जोरावर होतं, माझ्या चाळीस शेअरवर नाही, एवढं भान आहे मला.

पण ही सोय आणि मंजुरीचा हा नियम नव्हता तेव्हा काय व्हायचं तेही बघा. सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डाने डिसेंबर 2008 मध्ये संस्थापक राजू यांच्या कुटुंबाच्या दोन मायटास कंपन्या साधारण 1.6 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवून टाकलं, शेअरहोल्डरना न विचारता. (मायटास इंग्रजीत लिहून उलटं वाचा.) अमेरिकेत शेअर कोसळला, फंडवाले भडकले आणि काही तासांत माघार. तीनच आठवड्यांनी राजूंचं घोटाळ्याचं कबुलीपत्र.

वापरणार असाल तर एकच सांगतो, नोटीसचं पहिलं पान सोडा आणि थेट मागचं एक्स्प्लनेटरी स्टेटमेंट (ठरावाचा तपशील असतो ते) उघडा. माझ्याकडच्या एका कंपनीने ग्रुपमधल्याच कोणाचं तरी गोदाम भाड्याने घ्यायचा ठराव आणला होता, ‘आर्म्स लेंथ’ (म्हणजे परक्याशी करावा तसा व्यवहार) हे शब्द पानापानावर, पण भाडं चौरस फुटाला किती हे शेवटच्या टेबलात बारीक अक्षरात, ते सापडेपर्यंत चहा गार झाला. मी विरोधात दाबलं. दोन दिवसांत एक्स्चेंजच्या साईटवर निकाल आला, ठराव पास. पण विरोधातल्या मतांच्या रकान्यात शून्य नव्हतं, बऱ्यापैकी मोठा आकडा होता, आणि त्यात माझे चाळीस.

पुढची नोटीस कालच आलीये. या वेळी पहिल्याच दिवशी सकाळी बसणार, ओटीपीला यायला वेळ तरी मिळेल.