लेबर रूमच्या ट्रेमध्ये कोणता फुगा ठेवावा : बाकरी की कंडोमचा?

मुंबईत भांडुप, कुर्ला, गोवंडीकडे दहा-बारा खाटांची प्रसूतिगृहं अजून बरीच आहेत. तिथल्या डॉक्टर मॅडम मला हमखास विचारतात, "सिस्टर, पीपीएचसाठी फुगा कुठला घेऊ?" लेबर रूममध्ये २२ वर्षं काढली, त्या भरवशावर सांगते.

बाळंतपणानंतर ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की पीपीएच. बहुतेक वेळा कारण एकच असतं, वार (प्लॅसेंटा) पडल्यावर गर्भपिशवी आवळत नाही. ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक अॅसिड ही औषधं, पोटावरून चोळणं, हे सगळं करूनही धार थांबली नाही की फुगा. तो गर्भपिशवीत घालून सलाइनने भरला की आतून दाब देतो. मात्र आधी टाके आणि वार नीट तपासायची. फाटलेल्या जागेतून रक्त येत असेल किंवा वारेचा तुकडा आत राहिला असेल, तर फुग्यात मिनिटं फुकट जातात.

बाकरी फुगा सिलिकॉनचा, ५०० मिलीपर्यंत भरतो. पाकीट फोडलं की तयार. त्याचा खरा गुण टोकाच्या भोकांत आहे : फुग्याच्या वर साठलेलं रक्त नळीतून बाहेर लावलेल्या पिशवीत येतं, त्यामुळे स्राव थांबला की आतच साचतोय हे डोळ्यांना दिसतं. अडचण किमतीची. एकदाच वापरायच्या वस्तूला काही हजार रुपये, म्हणून छोट्या ठिकाणी तो जपून ठेवला जातो. एका नर्सिंग होममध्ये मी स्वतः पाहिलंय : फुगा कुलपात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, मॅडम घरी. रक्तस्राव होत असलेली ती बाई वाचली, पण फुग्यामुळे नाही. अजून आठवलं की जीव तुटतो.

कंडोमचा फुगा ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये जगापुढे आणला. रबरी कॅथेटरवर कंडोम चढवायचा, धाग्याने बांधायचा, आत सलाइन सोडायचं, २५० ते ५०० मिली. आपल्याकडचा शिवकर पॅकही याच जातीचा, सलाइनच्या सेटवर कंडोम बांधलेला. खर्च काही शे रुपयांत. पण गाठ! हातमोजे रक्ताने ओले, धागा सटकतो. सैल बांधला तर सलाइन गळतं, करकचून बांधला तर नळीच दबते आणि फुगा भरतच नाही. म्हणून बांधाबांध आणीबाणीत करू नका. बांधलेला, निर्जंतुक, सीलबंद संच ट्रेमध्ये तयार हवा. याला वरचं भोक नसतं, म्हणून घातल्याबरोबर पोटावर पेनने पिशवीच्या उंचीची रेघ मारते. रेघेच्या वर पिशवी चढू लागली, तर आत रक्त साचतंय.

दोघांची समोरासमोर तुलना इजिप्तमधल्या एका चाचणीत झाली. बाकरीने ३३ पैकी ३० बायकांचा रक्तस्राव थांबला, कंडोमने ३३ पैकी २८ जणींचा. रक्त थांबायला बाकरीला साधारण ९ मिनिटं लागली, कंडोमला १२ च्या आसपास. फरक आहे, पण कपाटाची किल्ली शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढाही नाही.

दुसरी बाजूही ऐका. आफ्रिकेतल्या बेनिन आणि मालीमधल्या चाचणीत कंडोमचा फुगा वापरूनही शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांत घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये फुग्याची शिफारस अटी घालूनच केली : शिकलेले हात, सतत देखरेख, आणि गरज पडली तर लगेच रक्त व ऑपरेशन. तुमच्याकडे रात्री भूल देणारे डॉक्टर आणि रक्त नसेल, तर फुगा हा शीव किंवा केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा आधार आहे, एवढंच. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की तो रस्ता किती लांबतो हे मुंबईकराला सांगायला नको. १० ते १५ मिनिटांत स्राव आटोक्यात आला नाही तर वाट बघू नका. खरं तर फुगा हातात घेतानाच अॅम्ब्युलन्सला फोन जाऊ द्या.

तिसरा पर्याय हलक्या ओढीने पिशवी आवळायला लावणाऱ्या सक्शन नळीचा. अमेरिकेत जाडा नावाच्या उपकरणाला २०२० मध्ये मान्यता मिळाली, केरळात डॉ. पणिक्कर यांनीही अशी नळी केली. कल्पना मला आवडते, पण सक्शन मशीन रोज तपासलं जात नसेल तर यात पडू नका.

माझा कौल असा. सिझर होत असतील आणि खर्च झेपत असेल तर बाकरी घ्या, पण उघड्या ट्रेमध्ये ठेवा. फक्त साधी बाळंतपणं होत असतील तर कंडोमचे दोन तयार संच पुरे, आणि महिन्यातून एकदा रात्रपाळीच्या सिस्टरकडून सरावासाठी टेबलावर भरून घ्या. फुगा कुठलाही असो, हवा कधीही भरायची नाही, फक्त सलाइन. किती मिली भरलं आणि किती वाजता, ते चिकटपट्टीवर लिहून बाईच्या मांडीवर लावा. शीवच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं.