भारत गृह रक्षा पॉलिसी: पूरपट्ट्यातल्या घरमालकाचा अनुभव

आमचं घर सांगलीत, कर्नाळ रोडच्या बाजूला. जुलै उजाडला की इथे नमस्काराऐवजी "आयर्विनला किती?" असं विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या गल्लीत तळमजला म्हणून काही उरलाच नाही. आम्ही घराच्या विम्याची ही पॉलिसी २०२१ च्या पुरानंतर घेतली आणि एकदा क्लेमही केला. माझं मत आधीच सांगते: पूरपट्ट्यात घर असेल तर ही घ्याच. पण काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे सही करण्याआधी कळायला हवं.

गाडीचा विमा सगळ्यांना पाठ असतो, कारण थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, कायद्याने सक्तीची आहे. घराला तशी सक्ती नाही. त्यातून कर्ज काढून घर घेतलेल्या पुष्कळांची समजूत असते की बँकेने विमा उतरवलेलाच आहे. शेजारच्या वहिनींची तीच समजूत होती. आम्ही दोघींनी मिळून फाईल काढून पाहिली, तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघाला. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल, पण पुराने भिंत खचली तर त्यातून एका विटेचाही पैसा येणार नाही. आपल्या फाईलमधला कागद आजच बघा, एवढं मी कळकळीने सांगते.

भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर, म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत यात धरत नाहीत. आम्हाला एजंटाने बाजारभावाचा आकडा टाकायला सांगितलं होतं. ते ऐकू नका, हप्ता उगाच वाढतो. घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं आणि त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही सोय आहे. २०१९ मध्ये आईंना घेऊन नातेवाइकांकडे राहिलो होतो, त्यामुळे हे कलम माझ्या लेखी फार मोलाचं.

आमचा क्लेम पुराचा नव्हता. भर उन्हाळ्यात, घरी कुणी नसताना, गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला आणि पाणी जिन्याने हॉलमध्ये उतरलं. टीव्ही गेला, सोफा गेला, प्लायचं कपाट फुगून दार लागेना. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, फोटो आणि बिलं मागितली. कपाट सुताराने घरी बसून केलेलं, त्याचं बिल कुठलं असणार? सुताराचं नवं कोटेशन चाललं. टीव्ही जुना म्हणून रक्कम कापली नाही, त्याच तोडीच्या नव्याची किंमत धरली.

  

त्याच वेळी मी उत्तरेच्या भिंतीची ओलही दाखवली होती. ती नाकारली. हळूहळू मुरणारं पाणी, जुनं होत जाणारं प्लास्टर, हे या विम्यात बसत नाही. दर पावसाळ्यात खरा त्रास तोच असतो, म्हणून वाईट वाटलं, पण अट तशीच लिहिलेली आहे. त्यावरचा खर्च आपला आपणच धरायचा.

आणि गाडी घराच्या पोर्चमध्ये उभी असली तरी घरच्या पॉलिसीत ती येत नाही. तिचा पूर वेगळा. गाडीचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा, असेल तर पाण्याने झालेलं नुकसान मिळतं, पण इंजिनात पाणी शिरलेलं असताना कुणी चावी फिरवली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं जोडून घ्यायचं कव्हर नसेल तर कंपनी हात वर करते. ओळखीच्या एका काकांचं असंच झालं. पाणी ओसरल्यावर गाडी चालू करायची नाही, टो करून न्यायची. आम्ही तर कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की गाडी सांगलीतल्याच उंचावरच्या विश्रामबागेत नेऊन लावतो.

माझी तक्रार एकच आहे, चोरीच्या कलमाबद्दल. पूर, आग अशा घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली तरच भरपाई. आमच्या भागात बायका-मुलं बाहेर पडतात आणि घरटी एक माणूस गच्चीवर थांबतो, तो चोरांच्या भीतीने. पाणी उतरायला, गाळ काढायला, लाइट यायला किती वेळ जातो हे इथे राहिलेल्यालाच ठाऊक. तोवर कुलूपबंद घर उघड्यासारखंच असतं. या पट्ट्यासाठी ती मुदत महिन्याची तरी हवी. दागिन्यांचं संरक्षण वेगळं, ठरलेल्या किमतीने घ्यावं लागतं आणि रोख रकमेला ते नाहीच.

म्हणून पाचपैकी चार तारे. मूळ हप्ता गाडीच्या हप्त्यापुढे किरकोळ वाटला. नूतनीकरणाच्या वेळी घरफोडीचं वेगळं कव्हर जोडणार आहे, आणि घरातल्या वस्तूंचे फोटो व बिलं आत्ताच पुण्याला भावाकडे पाठवून ठेवली आहेत.