मॉनिटर गेला म्हणून लगेच नवीन घेऊ नका, पुण्यात तपकीर गल्लीतल्या काकांकडे माझा साडेचारशेत झाला

मी घरून तीन-चार दुकानांची अकाउंट्स बघते, त्यामुळे 15 ते 20 तारखेच्या मधे कॉम्प्युटरला काही झालं की पोटात गोळाच येतो, 20 ला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. आणि ह्या वेळी नेमका 16 तारखेला मॉनिटर गेला. 24 इंची आहे, 2018 मधे घेतलेला, वॉरंटी कधीच संपलेली. बटण दाबलं की लोगो यायचा, दोन सेकंद डेस्कटॉप दिसायचा आणि फट्कन काळं. पॉवरचा दिवा मात्र चालूच.

आधी वाटलं केबल असेल. एचडीएमआय काढून परत घट्ट बसवली, मग दुसरी आणून लावली, तेच. मुलाचा लॅपटॉप जोडून पाहिला, तरी तेच. शेवटी सगळ्या केबल काढून नुसती पॉवर दिली तर नो सिग्नल असं यायला पाहिजे ना, तर ते पण दोन सेकंद दिसून गायब. हे घरी नक्की करून बघा, कारण नो सिग्नलचा मेसेज आणि ब्राइटनेसचा वगैरे मेनू मॉनिटर स्वतःच दाखवतो, तो पण असाच दोन सेकंदांत गायब होत असेल तर विंडोज, ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्ड ह्यांच्या मागे वेळ घालवण्यात काही अर्थ नाही. आणि मेनू व्यवस्थित दिसतोय पण बाकीचं चित्र हलतंय किंवा रंग बिघडलेत, तर मॉनिटरला हात लावू नका, केबल नाहीतर सीपीयूकडे बघा.

मग कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. मुलगा आला, 400 रुपये व्हिजिटचे घेतले, पाच मिनिटं बटणं दाबली आणि न उघडताच म्हणाला मॅडम पॅनल गेलंय, 7,800 होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. मला ह्याचा खरंच राग आला. स्क्रू सुद्धा न काढता पॅनल गेलं हे कसं काय सांगता? मी जवळजवळ नवीन ऑर्डर करणारच होते, तेवढ्यात भाच्याचा फोन आला आणि तो म्हणाला मावशी, थांब, आधी टॉर्च मारून बघ.

रात्री खोलीतला दिवा बंद केला, मॉनिटर चालू केला, काळा झाल्यावर मोबाईलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ तिरका धरला. आणि दिसलं हो! खोडलेल्या पेन्सिलीसारखं पुसट, पण रिसायकल बिन, खाली टास्कबार, घड्याळातले आकडे सुद्धा. म्हणजे चित्र येतच होतं, फक्त उजेड नव्हता. एलसीडीचं पॅनल स्वतः उजेड देत नाही, तो देतात मागच्या एलईडीच्या पट्ट्या, आणि त्या बंद पडल्या तर पॅनल धडधाकट असूनही आपल्याला काळंच दिसतं. 7,800 चं पॅनल बदलायची गरजच नव्हती!

दुसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर पुढे उभा ठेवून मंडईपर्यंत आले, गाडी लावली आणि पासोड्या विठोबाकडून चालत तपकीर गल्लीत. दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा आहे, बाहेर पाटी सुद्धा नाही, एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं म्हणून सापडलं. काका साठीचे असतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, टॉर्चचं सांगितल्यावर मान डोलावली, म्हणाले बरं केलंत ताई, अर्धं काम झालं.

माझ्यासमोर उघडला. पुढची फ्रेम स्क्रू ड्रायव्हरने नाही उचकटली, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड खाचेत घालून हळूहळू सगळीकडून फिरवलं, टक टक आवाज करत लॉक सुटत गेले, एकही तुटलं नाही. आतल्या पॉवरच्या बोर्डवर बोट ठेवून म्हणाले हे बघा. बाकीच्या कॅपॅसिटरची (वीज साठवणारी छोटी नळकांडी असतात ती) डोकी सपाट आणि दोघांची टम्म फुगलेली, एकाच्या डोक्यावर तपकिरी सुकलेलं काहीतरी. दोन्ही त्या गरम होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला चिकटून होते, उष्णतेने आतलं द्रव्य वाळत जातं, मग एलईडीने लोड घेतला की व्होल्टेज बसतं आणि बॅकलाईट, म्हणजे तो मागचा उजेड, स्वतःला बंद करून घेते. ते दोन सेकंदांचं कोडं असं सुटलं. माझा मॉनिटर भिंतीला टेकवलेला असायचा आणि ब्राइटनेस कायम 100 वर, हे त्यांनी न सांगताच ओळखलं.

25 व्होल्टचे होते ते काढून 35 व्होल्टचे, 105 डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे टाकले. चालू करून अर्धा तास समोर ठेवला. दोन कॅपॅसिटर आणि मजुरी धरून 450 रुपये, आणि जुने दोन्ही पुडीत बांधून मला परत दिले.

एक मात्र कळकळीने सांगते, हे बघून घरी उघडायला जाऊ नका. टॉर्च, केबल, मेनू इतकंच आपलं काम. त्या बोर्डवर एक मोठा कॅपॅसिटर असतो त्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, प्लग काढल्यावर सुद्धा काकांनी मीटर लावून दाखवलं, आकडा हळूहळू खाली येत होता. तो उतरेपर्यंत त्यांनी स्वतः हात लावला नाही, तर आपण कशाला लावायचा.

दुकानाच्या उण्या बाजू पण आहेत. छापील बिल मिळत नाही, चिठ्ठीवर लिहून देतात. वॉरंटी तोंडी, एक महिन्याची. बसायला जागा नाही, दीड तास मी उभीच होते, आणि काम जास्त असेल तर ठेवून जा म्हणतात, माझ्या आधीच्या माणसाला दोन दिवसांनी ये म्हणून सांगितलेलं तो चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा आला होता. घाई असेल तर आधी विचारून घ्या.

पण माणूस खरा आहे. मी असतानाच एक कॉलेजचा मुलगा मॉनिटर घेऊन आला, स्क्रीनवर उभ्या हिरव्या-गुलाबी रेघा. काकांनी कडेला हलकेच दाबून बघितलं, रेघा कमी-जास्त झाल्या, म्हणाले बाळा हे पॅनलचंच आहे, ह्यात पैसे घालू नकोस, आणि एक रुपया न घेता परत पाठवलं.

थ्रीबी मात्र मी 17 च्या सकाळीच हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावून भरून टाकलं होतं. सुरुवातीला कडेचे आकडे कापले जात होते, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे जस्ट स्कॅन केल्यावर पूर्ण दिसायला लागले. सासूबाईंची मालिका सुरू व्हायच्या आत झालं सगळं.

आता तीन महिने झाले, मॉनिटर रोज आठ-नऊ तास चालतोय. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलाय, ब्राइटनेस 60 वर आणलाय. जाणार असाल तर मॉनिटरची स्वतःची पॉवर केबल बरोबर न्या, आणि ॲडॅप्टरवाला असेल तर तो ॲडॅप्टर नक्की न्या, काका आधी तोच तपासतात. शनिवारी जाऊ नका, मंडईत गाडी लावायला जागा मिळत नाही.