हूडची मागची खिडकी : फडकं घालून घडी की झिप काढून वळकटी?

उघड्या जीपला हूड कॅनव्हासचा शिवावा की रेक्झिनचा, यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही चहा संपेपर्यंत बोलेल. मागच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा विषय मात्र सहसा निघत नाही, आणि हूडमध्ये सगळ्यात आधी बाद होतं ते तेच. हूड खाली घेताना त्याला जपायच्या दोन रीती आहेत. एक, खिडकी जागेवर ठेवून घडीत मऊ फडकं घालायचं. दुसरी, हूडवाल्याकडून खिडकीला झिप लावून घ्यायची आणि ती सोडवून वेगळी गुंडाळायची. मी दोन्ही वापरल्या आहेत.

फडक्याची सोय नाकारता येत नाही. मे महिन्यात पन्हाळ्याच्या रस्त्यावर वळीव गाठतो तेव्हा हूड ओढला, टिचबटणं लावली की तुम्ही आत. झिपवाला तोवर मागे उभा राहून भिजत असतो. फडकं धुऊन मऊ पडलेलं सुती हवं, जुनं धोतर सगळ्यात बरं. नवं मांजरपाट तसंच वापरू नये, त्यात खळ असते. आणि ते दर वेळी झटकायला हवं. गगनबावड्याकडची तांबडी धूळ त्यात एकदा मुरली की फडकंच पॉलिश पेपरासारखं काम करायला लागतं. बॉडी कव्हरचंही तेच, वाऱ्यानं फडफडून धूळ प्लॅस्टिकवर घासत राहतं.

पण माझं मन फडक्यावरून उडालं ते घडीमुळे. हे प्लॅस्टिक म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं हळूहळू उडून जातं, मग ते पिवळं पडतं, ताठ होतं. थंडीतल्या पहाटे तर आणखीच ताठ. तशात घडी घातली की पडलेली रेघ जात नाही. फडकं ओरखडा अडवतं, मोड अडवत नाही. माझ्या हूडमध्ये ती रेघ बरोबर खिडकीच्या मध्यावर, म्हणजे आतल्या आरशात जिथं बघायचं तिथंच आली. दिवसा काही वाटत नाही. रात्री मागून दिवा आला की तो रेघेवर फुटतो आणि एका मोटरसायकलीच्या दोन दिसतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना मागून नक्की कोण येतंय, किती लांब आहे, हे कळेनासं झालं. पॉलिश मारून बघितलं. ओरखडे थोडे निवळले, रेघ तशीच.

ही कटकट आपल्याच हूडांची आहे असंही नाही. माझदाच्या 1989 च्या पहिल्या एमएक्स-5 या कापडी छताच्या मोटारीला मागे प्लॅस्टिकचीच खिडकी होती, झिपवाली. छत पाडण्याआधी झिप उघडा, असंच तिचे जाणकार सांगतात. 1998 च्या पुढच्या पिढीत तिथं काच आली. पोर्शच्या पहिल्या बॉक्स्टरला काच मिळायला 2003 चं मॉडेल उजाडलं. तोवर बरेच मालक छत अर्ध्यात थांबवून खिडकीची घडी हातानं नीट बसवून घ्यायचे.

वळकटीत मोडच पडत नाही. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्यायचा, ड्रेनेजला वापरतात तेवढा, त्यावर धोतरासकट खिडकी सैल गुंडाळायची आणि सीटमागे उभी ठेवायची. वर काही टाकायचं नाही, उन्हात सोडायची नाही. ओली असेल तर आधी वाळवायची, नाहीतर पांढुरकी झाक धरते. त्रास आहेतच. झिपेत धूळ अडकते, अधूनमधून मेणबत्ती घासावी लागते. हूड वर आणि खिडकी काढलेली, असं मात्र पळवू नका. चौकोनी गाडीच्या मागे हवा आत ओढली जाते, धूळ आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही आत येतात.

पुसण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग ओल्या हातानं. पाचट पेटवल्यावर उडून येणारी काजळी कोरडी पुसली तर सगळीकडे फासली जाते. अमोनियाचा काचेचा स्प्रे, पेट्रोल, थिनर यांच्या वाटेला जाऊ नये.

पारदर्शक फिल्म चिकटवण्याचा सल्लाही मिळेल. लवचीक प्लॅस्टिकवर ती मोडीपाशी सुटते आणि खाली धूळ शिरते, म्हणून मी त्यात पडलो नाही.

गाडी दिवसाच, गावातल्या गावात फिरत असेल आणि मनात आलं की हूड पाडायचा असेल, तर फडकं पुरेल बहुतेक. रात्री घाटातून परत यायची सवय असेल तर मला तरी झिपच बरी वाटते. शिवायला टाकताना मोठ्या दातांची प्लॅस्टिकची झिप सांगा, धातूची आपल्या पावसात गंजते. आणि तिचा सरकता तुकडा बाहेरच्या बाजूला ठेवायला लावा, नाहीतर गुंडाळताना तोच खिडकीला ओरबाडतो.