१५० वॅटचा ॲम्प्लिफायर खाडीकाठच्या घरात : सोळा महिन्यांनंतर

गणपतीच्या आदल्या रात्री मखर बांधून झालं, ॲम्प सुरू केला आणि डावा स्पीकर गप्प. अगदी गप्प नव्हे. जाळीला कान लावला तर कुणी उशीत तोंड खुपसून गातंय एवढा आवाज. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत नेला, तर एका जागी ‘खर्र’ झालं आणि डावी बाजू सताड उघडली. मग कमी केला तरी ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या, तर आता उजवा गप्प. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, ॲम्पचाच.

तेव्हा ॲम्प घेऊन तेरा महिने झाले होते, आता सोळा झालेत. या एका बिघाडापायी या यंत्राबद्दलचं माझं मत दोनदा फिरलं, म्हणून सगळंच लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे तो बहुतेक सगळ्यांच्या ॲम्पमध्ये असतो.

आधी माझ्याकडे ४० वॅटचा होता. घरात एवढे पुरतात असं सगळे म्हणत आणि सिनेमाच्या गाण्यांना ते पुरतही. पण मला ऐकायचा असतो दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं जत्रांमधलं लोकनाट्य. गेली सात-आठ वर्षं जत्रांमध्ये मी स्वतः रेकॉर्डर लावून ध्वनिमुद्रण करतो आणि त्यावर नंतर काहीही दाबादाबी करत नाही. त्यामुळे पायपेटी आणि गाणं एका पातळीवर आणि पखवाजाची थाप त्याच्या कितीतरी वर, वीसेक डेसिबल वर, असा प्रकार असतो. आता माझं घर बघा. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली माळा नाही, आढं सोळा फुटांवर. स्लॅबच्या खोलीत खर्ज जसा कोंडून राहतो तसा इथे राहत नाही, कौलांच्या फटींतून निघून जातो. स्पीकर ८५ डेसिबलचे, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर एवढा आवाज देणारे, आणि बसायची जागा चार मीटरवर. गाणं साधारण मोठ्या आवाजात ऐकायला मला एक वॅटच लागतो. वीस डेसिबल वर म्हणजे शंभरपट, म्हणजे थाप पडते त्या क्षणाला १०० वॅट. चाळिसाचा ॲम्प तिथे माथा कापायचा आणि थाप फुटक्या डब्यावर पडल्यासारखी यायची.

१०० वॅटचा घेऊन भागलं असतं का? आमच्या गावात नाही. मे महिन्यात संध्याकाळी सात ते दहा माझा मीटर १९० व्होल्ट दाखवतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतला पुरवठा त्याच प्रमाणात खाली येतो आणि ताकद वर्गाच्या हिशेबाने घटते. १९० भागिले २३०, त्याचा वर्ग, ०.६८. म्हणजे १५० वॅटचे उरले १०२. छापील आकडा २३० व्होल्टवरचा असतो, आपण विकत घेतो तो आपल्या फीडरवरचा, म्हणजे गावात येणाऱ्या वीजलाइनवरचा. स्टॅबिलायझर लावून पाहिला होता, पण तो पायरी बदलायचा तेव्हा स्पीकरमधून टक् टक् येई. काढून ठेवला.

४८,००० रुपये दिले. मुंबईहून तुतारी एक्सप्रेसने १९ किलोचं खोकं कुडाळला उतरवलं. पहिल्याच दिवशी बटण दाबलं आणि एमसीबी पडला. मोठा टोरॉइड, म्हणजे आतला कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, सुरू होताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो. माझा एमसीबी ‘बी’ जातीचा, तो त्याच्यावर छापलेल्या करंटच्या तिप्पट ते पाचपटीला पडतो. वायरमनने ‘सी’ जातीचा बसवला, तो पाचपट ते दहापटीला पडतो. ते प्रकरण तिथेच मिटलं.

खरं सांगतो, पैसे मोजताना जीव कळवळला होता. जवळजवळ चौपट वॅट, पण डेसिबलमध्ये वाढ पावणेसहाचीच. पण त्या रात्री आचऱ्याकडच्या एका नाटकातलं राक्षसाच्या प्रवेशाचं ध्वनिमुद्रण लावलं. थाप आली आणि मागे देवळाच्या सभामंडपातला तिचा उमटलेला घुमारासुद्धा आला. तो माझ्या रेकॉर्डरने पकडला होता हे मला पाच वर्षं ठाऊक नव्हतं. आई आतून विचारायला आली, दारात कोण आलंय.

म्हणूनच डावी बाजू गेली तेव्हा राग फार आला. वॉरंटी दोन वर्षांची. चतुर्थीचे दिवस सरल्यावर भर पावसात फोंडा घाट चढून ॲम्प कोल्हापूरला अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. बारा दिवसांनी फोन: “आत गंज आहे, आउटपुट बोर्ड बदलावा लागेल, ११,८०० रुपये. ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही.” मी विचारलं, बोर्डावरचा नेमका कुठला भाग गेलाय? उत्तर आलं, “पूर्ण बोर्डच येतो.” गेलेल्या भागाचं नाव शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तपासणीचे ७५० रुपये भरून ॲम्प परत आणला. त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, किनाऱ्यावर भारी ॲम्प घेऊ नका, चाळिसाचाच बरा.

कुडाळला एक दुरुस्तीवाला आहे. डबलबारीच्या भजनी मंडळांचे मिक्सर आणि ॲम्प तो सांभाळतो. त्याने झाकण उघडायच्या आधीच विचारलं, “मास्तरानू, तुमी ह्यो हळूच लावतास काय?”

म्हटलं, होय. सकाळी घरातली माणसं झोपलेली असतात.

“म्हणानच. जोरान लावतत तेंचो ह्यो रिले खराब होणा नाय.”

ॲम्प सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आत जो ‘टक्’ होतो तो हा रिले. आत काही बिघडलं तर स्पीकर जळू नयेत म्हणून तो मधे बसवलेला असतो आणि सगळा आवाज त्याच्यातूनच स्पीकरकडे जातो. दुरुस्तीवाल्याने डाव्या बाजूचा रिले पंपाने सोल्डर खेचून काढला, ब्लेडने प्लास्टिकचं टोपण सोडवलं आणि भिंगाखाली धरला. मसुराच्या डाळीएवढे दोन चांदीचे ठिपके, समोरासमोर. दोन्ही काळे. माझ्या तोंडून निघालं, खारा वारा. तो म्हणाला, “मिठाचा न्हय ता. खाडयेच्या वासाचा काम.”

घरी येऊन देवघरातलं चांदीचं निरांजन हातात घेतलं आणि पटलं. माझं घर कर्लीच्या खाडीला लागून आहे. ओहोटीला कांदळवनातला चिखल उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. दहावीच्या विज्ञानात शिकवतो तेच: चांदीवर त्याने सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. आमच्या निरांजनाला रांगोळीने घासून आठ दिवस होत नाहीत तोवर ते पुन्हा काळं होतं. रिलेच्या ठिपक्यांवर तेच झालं. फक्त तिथे घासणारं कुणी नव्हतं.

मोठ्या ॲम्पलाच हे जास्त का भोवतं, तेही त्याने सांगितलेल्या ‘हळू’ या शब्दात आहे. माझा रिले १६ अँपिअरचा. ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट म्हणजे ०.३५ अँपिअर आणि सकाळी मी ऐकतो तेव्हा त्याच्याही खूप खाली. जोराचा करंट पातळ थर फोडून जातो, एवढासा करंट अलीकडेच अडतो. शिवाय रिले जुळतो तेव्हा गाणं सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे जुळताना ठिणगी नाही आणि त्या ठिणगीने होणारी सफाईही नाही. माझ्या व्हॉल्यूमच्या ‘खर्र’चं कारण हेच.

उपाय: दोन्ही बाजूंना नवे, पूर्ण सीलबंद रिले. कॉइल २४ व्होल्टचीच, पायांचं अंतर तेच. लॅमिंग्टन रोडहून मागवले, २६० रुपयांना एक. मजुरी ३००. एकूण ८२०. उजवा चालू होता तरी बदलला, कारण तोही तेवढेच महिने त्याच हवेत होता. उघडून पाहिलं तर करडा पडायला लागला होता. जुने टाकले नाहीत. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ठिपक्यांमध्ये धरून ओढली, चार ओढींत चांदी दिसली. पॉलिश पेपर मात्र लावू नका, तो काळ्या थराबरोबर चांदीही खरवडतो.

म्हणून माझं मत पुन्हा फिरलं. १५० वॅट घेतले ते बरोबरच केलं, उद्याही घेईन. पण दुकानात वॅटबरोबर एक प्रश्न नक्की विचारीन: स्पीकरच्या वाटेत रिले आहे का, असला तर सीलबंद आहे का, की तिथे मॉस्फेट, म्हणजे हलता भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक स्विच, वापरलेत? मॉस्फेटला काळे पडणारे ठिपकेच नसतात. दुकानदाराला माहीत नसलं तर झाकण उघडून दाखवा म्हणावं. खाडीपासून लांब, सड्यावर म्हणजे वरच्या कातळपठारावर राहणाऱ्यांनी एवढं मनावर घेऊ नये. काठावरच्यांनी घ्यावं.

आता शनिवारी दुपारी वीस मिनिटं मी मुद्दाम मोठ्याने लावतो, शेजाऱ्यांना सांगून.

बाकीचं थोडक्यात. ॲम्प नुसता चालू असताना ७० वॅट खातो; रोजचे तीन तास धरले तर महिन्याला सहा युनिटच्या वर. क्लास डीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या आणि कमी तापणाऱ्या जातीचा घेतला असता तर हे वाचलं असतं आणि मे महिन्यात खोलीही कमी तापली असती. पण पावसाळ्यात हीच ऊब आतला दमटपणा घालवते, म्हणून आषाढ-श्रावणात रोज अर्धा तास तरी चालू ठेवतो. मागच्या जाळीतून पालीचं पिल्लू आत गेलं होतं. आता तिथे बारीक स्टीलची जाळी आहे, टेकवून नाही, दोन बोटं अंतर सोडून, म्हणजे गरम हवा अडत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रात्री अकरानंतर गावातले दिवे मालवले की व्होल्टेज २५० च्या वर चढतं आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतो. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. मीटरचे आकडे रोज वहीत लिहितोय. महिनाभराचे झाले की वीज मंडळाच्या कार्यालयात घेऊन जाणार आहे.