खुनी कळल्यावर पुस्तकात काय उरते : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, मृग लागायच्या आत, मी सहा कादंबऱ्या एकदम मागवल्या. निवडताना अट एकच ठेवली होती : प्रत्येकीत मृत्यू आणि रहस्य असावे, पण नेहमीच्या गुप्तहेरकथेची चाल नसावी. वेंगुर्ल्यातील आमच्या घराच्या माळ्यावर बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा गठ्ठा अजून आहे आणि वाचनाची गोडी मला त्याच गठ्ठ्याने लावली, त्यामुळे त्या प्रकाराला मी नावे ठेवणार नाही. माझी अडचण वेगळी होती. खुनी एकदा कळला की ते पुस्तक पुन्हा हातात धरवत नाही. रहस्यकादंबरी ही एकदाच वापरायची वस्तू आहे का, हे पाहावे म्हणून मी यातील प्रत्येक पुस्तक किमान दोनदा वाचायचे ठरवले. आता फेब्रुवारी संपत आला असताना पाच पुस्तके दोनदा, त्यांपैकी एक तीनदा, आणि सहावे अर्धेच वाचून झाले आहे. सगळी इंग्रजी अनुवादातून वाचली. पुढे काही ठिकाणी कथानक उघड होते. ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

सुरुवात गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या १९८१ सालच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'पासून केली, कारण ते अगदी लहान होते. सान्तियागो नासार मारला जाणार, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेले आहे. मारणारे जुळे भाऊ कोण, त्यांचे कारण काय, हत्यारे कोणती, हेही लवकरच कळते. हे भाऊ मटणबाजारात उघडपणे सुऱ्यांना धार लावतात, भेटेल त्याला आपला बेत सांगतात आणि दूध विकणाऱ्या बाईच्या दुकानात वाट पाहत बसतात. जणू कोणीतरी आपल्याला अडवावे हीच त्यांची इच्छा असावी. अडवत मात्र कोणी नाही. गावाचा प्रमुख त्यांच्या सुऱ्या काढून घेतो आणि काम झाले असे मानतो. ते घरी जाऊन दुसऱ्या आणतात.

पहिल्या वाचनात मी हे सारे नियतीचे पुस्तक म्हणून वाचले आणि थोडी निराशही झाले. दुसऱ्या वेळी, गणपतीनंतरच्या निवांत दिवसांत, पडवीत बसून सासूबाईंना गोष्ट सांगत सांगत वाचले. त्यांनी अपेक्षेप्रमाणे प्रथम विचारले, "मगे कोणी मारल्यान गो तेका?" मी सांगितले. मग त्या बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांका म्हायत होता आणि तेका कोणी सांगूक नाय?" मला ज्या ठिकाणी पोहोचायला दोन वाचने लागली तिथे त्या एका वाक्यात पोहोचल्या. त्यानंतर मी प्रत्येक माणसाने गप्प राहण्याचे काय कारण दिले आहे, त्याची पानांच्या कडेला पेन्सिलीने नोंद करत गेले. कोणाला वाटले दारूच्या भरातील बडबड आहे, कोणाला वाटले त्याला एव्हाना कळलेच असेल, स्वयंपाकीण कळूनही बोलली नाही, आणि बरेचसे लोक बिशपच्या बोटीच्या गडबडीत होते, जी अखेर धक्क्याला लागलीच नाही. त्या दिवशी सकाळी ऊन होते की भुरभुर पाऊस, यावरही गावाचे एकमत नाही. त्या भावांच्या बहिणीची अब्रू घेतल्याच्या ज्या आरोपावरून माणूस मेला तो खरा होता का, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही, आणि दुसऱ्या वाचनात माझी अस्वस्थता खुनावरून सरकून तिथे जाऊन बसली. आमच्याही वाडीत कोणाच्या घरी काय होणार आहे हे सगळ्यांना आधी कळते आणि नंतर प्रत्येकजण 'आमका वाटला कोणी तरी सांगितला आसतला' असे म्हणतो. तिसऱ्यांदा वाचले ते हेच पुस्तक.

हुआन रुल्फो यांच्या 'पेद्रो पारामो'बद्दल मी आधी फार चांगले ऐकले होते, तरी जुलैत ते मला मुळीच झेपले नाही. १९५५ सालची ही मेक्सिकन कादंबरी सव्वाशे पानांच्या आसपास आहे, तिच्यात प्रकरणे नाहीत, फक्त लहानमोठे तुकडे आहेत, आणि कोण कोणत्या काळात बोलते आहे ते सांगायची लेखकाला गरज वाटत नाही. आईला तिच्या मरणसमयी दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो आपल्या बापाला शोधत कोमाला नावाच्या गावी येतो. बाप केव्हाच मेलेला आहे हे त्याला वाटेतच कळते. गावात भेटणारी माणसेही एकेक करून मेलेली निघतात. पुस्तक अर्ध्यावर आले की कळते, हे सगळे सांगणारा हुआनही थडग्यात आहे. रुल्फो यांच्या मनात या पुस्तकाचे आधीचे नाव 'कुजबुज' अशा अर्थाचे होते, आणि ते नाव अधिक नेमके होते असे मला वाटते.

दुसरे वाचन नोव्हेंबरात झाले. चाकरमानी गणपतीसाठी येऊन परत गेले होते. आमच्या शेजारची दोन घरे वर्षातले पन्नास आठवडे बंद असतात आणि त्यांच्या चाव्या माझ्याकडे आहेत. तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती लावायची आणि आत उंदीर शिरले नाहीत ना ते पाहून यायचे, एवढे काम. त्या दिवशी हे पुस्तक मी अशाच एका घराच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून वाचत होते. भिंतीवर मुंडावळ्या बांधलेल्या नवरा-नवरीचा फोटो, खुंटीला अडकवलेली छत्री, आणि माजघरात कोणीतरी नुकतेच बोलणे थांबवले असावे असा भास. पहिल्या वेळी 'हा जिवंत की मेलेला' हे ठरवण्यात माझी सगळी शक्ती गेली होती. दुसऱ्या वेळी तो प्रश्नच सोडून दिला आणि पुस्तक सरळ वाटू लागले. एक गाव एका माणसाच्या हव्यासाने आणि मग त्याच्या रागाने कसे ओस पडते, याचा तो चोख हिशेब आहे. इथली घरे रागाने नव्हे, पोटासाठी ओस पडली. पण दाराची कडी काढताना येणारा आवाज बहुधा तोच असावा. ज्यांना हे पुस्तक पहिल्या वेळी नकोसे होईल त्यांनी ते ठेवून द्यावे, विकून टाकू नये.

ओरहान पामुक यांच्या 'माय नेम इज रेड'ची सुरुवात यांतील सर्वांत जबरदस्त. विहिरीच्या तळाशी पडलेले प्रेत स्वतःच बोलू लागते. १५९१ सालचे इस्तंबूल, सुलतानाच्या पदरी असलेले लघुचित्रकार, आणि त्यांच्यापैकीच एक खुनी. पुढे कुत्रा बोलतो, झाड बोलते, नाणे बोलते, लाल रंगही बोलतो. रहस्याची रचना अशी की खुनी दोन तोंडांनी बोलतो : कधी 'खुनी' म्हणून, कधी स्वतःच्या टोपणनावाने, आणि वाचकाने त्याला त्याच्या शैलीवरून ओळखायचे. शैली असणे हाच दोष मानणाऱ्या परंपरेत शैलीवरूनच माणूस पकडला जावा, ही कल्पना मला फार आवडली. दुसऱ्या वाचनात खुनी ठाऊक असताना त्याची टोपणनावाखालची प्रकरणे वाचणे ही खरी मेजवानी आहे. तो उघड खोटे क्वचितच बोलतो, नुसता दुसरीकडे पाहतो. मात्र मधल्या भागात चित्रकलेवरच्या दृष्टान्तकथा एकामागून एक येतात आणि दोन्ही वेळा मी तिथे पाने उलटली, हे कबूल करते.

फ्रीडरिश ड्युरेनमाट यांची 'द प्लेज' १९५८ सालची आहे आणि तिचे उपशीर्षकच 'गुप्तहेरकथेचे मृत्युगीत' अशा अर्थाचे आहे. त्यांनी आधी याच विषयावर एका चित्रपटाची पटकथा लिहिली होती, तिचा शेवट समाधानकारक होता, आणि तो समाधानकारक शेवट त्यांना स्वतःलाच पटला नाही म्हणून ही कादंबरी झाली. मारल्या गेलेल्या मुलीच्या आईला पोलीस अधिकारी मातेई खुनी शोधण्याचा शब्द देतो, नोकरी सोडतो, रस्त्याकडेच्या पेट्रोलपंपावर सापळा लावतो आणि वाट पाहत राहतो. त्याचा तर्क बरोबर असतो. खुनी मात्र येत नाही, का ते मी सांगणार नाही. ही कादंबरी मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जड गेली, कारण आता प्रत्येक पानावर मला ठाऊक होते की तो उगाच बसला आहे. आमच्या बाजूच्या गाबीत, म्हणजे मच्छीमारांच्या, वस्तीत एका घरचा मुलगा समुद्रावर गेला तो परतला नाही, प्रेतही मिळाले नाही. अशा बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला साधारण सात वर्षे जावी लागतात, हे त्या घरामुळे मला कळले. मातेईची कहाणी मी कोणाला सांगत बसले नाही.

माशादो द असीस यांचे 'ब्राझ कुबास' हे १८८१ सालचे पुस्तक निवडताना माझी थोडी फसगत झाली. निवेदक मेलेला आहे, अर्पणपत्रिका त्याच्या प्रेताला चावणाऱ्या पहिल्या किड्याला आहे, पण तिथे रहस्य असे काही नाही. एकशे साठ इवलीशी प्रकरणे आणि भरपूर खवचटपणा. म्हाळाच्या पंधरवड्यात वाचायला मजा आली. कावळ्याला वाडी ठेवली की पितर खाली बघून काय शेरे मारत असतील ते समजले.

उम्बेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोज' हे ते अर्धे पुस्तक. सुरुवातीची शंभर पाने कमी करा असे प्रकाशकांकडून सुचवले गेले असता, मठात यायचे तर मठाची गती स्वीकारावी लागेल म्हणून एको यांनी नकार दिला होता. गती मी स्वीकारली होती, पण लॅटिन वाक्यांनी दमवले. सात दिवसांच्या कथेत मी चौथ्या दिवशी अडकले आहे.

टिकाऊपणाबद्दलही लिहायला हवे. पार्सल आले तेव्हाच एक कोपरा ओला होता, आणि श्रावणापर्यंत सहाही पुस्तकांना बुरशीचे ठिपके आले. कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या, चुलीवरच्या फळीवर ठेवणे असे सगळे उपाय केले. रुल्फोच्या पुस्तकाचा डिंक सुटून मधली पाने निखळली. ती मी घाईत उलटसुलट लावली आणि दहाबारा पाने वाचून होईपर्यंत मला काही चुकल्याचे जाणवले नाही. हा दोष बांधणीचा, पुस्तकाचा नव्हे. आमच्याकडे राहणाऱ्यांनी शक्य तर जाड पुठ्ठ्याची आवृत्ती घ्यावी आणि ती दिवाळीनंतर मागवावी.

या सगळ्यांच्या जोडीला घरात आधीपासून असलेली चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' पुन्हा काढली. खानोलकर आमच्या वेंगुर्ल्याचेच, आणि या कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी चित्रपट केला तो आईने पाहिला होता. वर मिळाला असे मानणारा माणूस, आणि तो वर खरा की त्याच्या मनाचा खेळ हे कधीच न कळणे : परदेशी पुस्तकांत मी जे आठ महिने हुडकत होते ते माझ्याच कपाटात होते, हे जरा लाजिरवाणे आहे. पण आधी ती सहा वाचली नसती तर, शाळेत असताना वाचली तशीच, 'पुढे काय झाले' एवढेच पाहत मी ती आताही वाचली असती.

मार्केझचे पुस्तक सध्या सासूबाईंच्या उशाशी आहे. इंग्रजी त्यांना येत नाही, पण रोज रात्री त्या मला एक प्रश्न विचारतात आणि मी त्या माणसाचे पान काढून त्याने काय कारण दिले ते मालवणीत वाचून दाखवते. काल स्वयंपाकिणीची पाळी होती. तिचे कारण त्यांना पटले.