साम्य शून्य टक्के, आणि पानंच्या पानं उचललेली

आमच्या कॉलेजच्या संशोधनपत्रिकेसाठी हे साम्य तपासणारं, म्हणजे लेखातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो ते सांगणारं, सॉफ्टवेअर घेऊन वर्ष होत आलं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८चे नियम, साम्याची १० टक्क्यांची मर्यादा हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. लिहायला बसलोय ते सपोर्टशी झालेल्या भांडणामुळे.

लोकदैवतांवरचा एक मराठी लेख आला. अहवाल शून्य टक्के. संपादक मंडळातल्या मॅडमनी पहिलं पान वाचलं आणि कपाटातून एक जुना गौरवग्रंथ काढून समोर ठेवला. परिच्छेदच्या परिच्छेद तेच, स्वल्पविरामासकट.

फाइलमधून सॉफ्टवेअरने उचललेला मजकूर उघडला, तर त्यात मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा नुसता काला. लेख युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. सॉफ्टवेअर तोच काला शोधत बसतं, तो कुठे सापडत नाही, आणि शून्य छापून मोकळं होतं.

लेख युनिकोडमध्ये करून पुन्हा तपासला, तरी आकडा जेमतेम हलला, कारण तो ग्रंथ ऑनलाइन नाहीच. त्याचा दोष मी कंपनीला देत नाही. पण जी फाइल वाचताच आली नाही तिला शून्य देणं, हा दोष त्यांचाच. 'मजकूर वाचता आला नाही' एवढं छापायला काय जातं? सपोर्टचं उत्तर आलं की तपासणी यशस्वी झाली आहे. वर दोन्ही वेळचे पैसे कापले! वर्गणीवर चालणाऱ्या पत्रिकेला ही रक्कम लहान नाही.

इंग्रजी लेखांबाबत मात्र माझं मत वर्षभरात पार बदललं. अर्थशास्त्राच्या एका लेखातला पूर्वसंशोधनाचा आढावा, अधूनमधून शब्द फिरवलेला असूनही, सॉफ्टवेअरने शोधगंगेवरच्या (भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) एका प्रबंधाशी ओळीओळीने जुळवून दाखवला. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले की लेखकाशी वाद घालावा लागत नाही. संदर्भसूची आणि अवतरणं वगळण्याची सोयही चांगली आहे. नियमांत सलग १४ शब्दांपर्यंतच्या योगायोगाच्या साम्याला सूट आहे, तीही इथे बसवता येते. फक्त ९ टक्के आले म्हणून लेख सुटला असं कुणी मानू नये. ते ९ टक्के एकट्या निष्कर्षातले असतील तर?

आता आम्ही पीडीएफ घेत नाही, युनिकोडमधली वर्ड फाइलच मागतो. अहवालात शून्य दिसलं की आधी उचललेला मजकूर उघडतो. मराठी लेख मशीनच्या आधी त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जातात, आणि चोरी त्यांनाच सापडते.

नूतनीकरण जवळ आलंय. मोठा पॅक घेणार नाही, इंग्रजी लेखांपुरता छोटा घेऊ. कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून लेखी पत्र दिलंय, त्याला अजून उत्तर नाही.